डास म्हणजे उडती सुई नव्हे

विदर्भातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी एका दमात तीन प्रश्न विचारले आहेत. डास एकाचं रक्त पिऊन दुसऱ्याला चावतो, त्यातून डेंगी होतो, मग एचआयव्ही का होत नाही? चांदीपुरा या मुलांच्या मेंदूज्वराच्या बातम्यांत येणारी वाळूमाशी म्हणजे लहान आकाराचा डासच ना? आणि ग्रामपंचायतीने गावात धुराचं यंत्र फिरवलं, त्याने ती मेली असेल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: बहुधा नाही. का नाही, हे पहिल्या दोन प्रश्नांत दडलेलं आहे, म्हणून जरा लांबून येतो. नोकरीची बरीच वर्षं मी हिवताप विभागात काढली. पहाटे लोकांच्या गोठ्यात एका हातात बॅटरी, तोंडात रबरी नळी, आणि भिंतीवर बसलेला डास हळूच काचेत ओढून घ्यायचा, हे काम. आमच्या खात्यात त्याला ‘कीटक समाहारक’ असं भारदस्त नाव आहे. गावातली पोरं ‘डासवाले’ म्हणायची, आणि तेच जास्त बरोबर होतं.

पहिली गोष्ट, चावतो तो डास नसतोच, चावते ती मादी. नर फुलांच्या रसावर जगतो, मादीही एरवी तेच पिते. रक्त तिला अंड्यांसाठी लागतं. आपल्या भाषेत डास पुल्लिंगी आहे हा त्या बिचाऱ्या नरावर अन्यायच म्हणायचा. वाळूमाशीच्या बाबतीत मराठीने आपोआप न्याय केला आहे.

आता सोंड. बाहेरून ती एक सुई दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली उघडली की एका म्यानात सहा अवजारं निघतात. त्यातली चार कातडी कापायला आणि आत घुसायला. उरलेली दोन महत्त्वाची: एका नळीतून रक्त वर ओढलं जातं आणि दुसरीतून लाळ खाली सोडली जाते. दोन्ही वाटा वेगळ्या. इंजेक्शनच्या सुईत जसं आधीच्या रुग्णाचं रक्त राहून पुढच्याच्या अंगात जातं, तसं इथे होत नाही. वर गेलेलं रक्त पोटात जातं, परत येत नाही. एचआयव्हीचा विषाणू त्या रक्ताबरोबर डासाच्या पोटात जातो आणि तिथे पचून जातो. त्याला डासाच्या पेशींत शिरायची किल्लीच सापडत नाही. सोंडेच्या टोकाला चिकटून राहणारा अंश इतका नगण्य, की त्यातून लागण होत नाही. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांचंही तेच.

म्हणजे डासामार्फत पसरायचं असेल तर जंतूला एक अवघड प्रवास करता आला पाहिजे: पोटातून आतड्याची भिंत भेदून शरीराच्या पोकळीत, तिथून लाळग्रंथीत, आणि मग लाळेबरोबर बाहेर. ज्यांना हे जमतं असे जंतू मोजकेच. आणि या प्रवासाला वेळ लागतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट हा वेळ आहे.

या वेळेने मोठमोठ्या माणसांना चकवलं आहे. क्युबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी पीतज्वर डासामुळे पसरतो असं १८८१ मध्येच मांडलं. डासाची जातसुद्धा बरोबर ओळखली होती, आज आपल्याकडे डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती तोच. पण त्यांचे प्रयोग कोणाला पटले नाहीत, कारण रुग्णाला चावलेला डास ते थोड्याच दिवसांत निरोग्याला चावायला लावत, आणि बहुतेक वेळा काहीच होत नसे. १९०० मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या तुकडीने हवानात तोच प्रयोग केला, पण डासांना बारा दिवसांच्या आसपास थांबवून. मग लागण झाली. कल्पना तीच, डास तोच, फरक फक्त थांबण्याचा.

आपल्याकडची गोष्ट जास्त माहितीतली आहे. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत रंगद्रव्य असलेल्या गोल पेशी दिसल्या. त्या डासांना चार दिवस आधी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचं रक्त पाजलं होतं, चावणाऱ्या दर डासामागे एक आणा देऊन. त्या पेशी लाळग्रंथीपर्यंत कशा पोचतात हे मात्र रॉसना पुढच्या वर्षी कलकत्त्यात दिसलं, तेही माणसाच्या नव्हे, चिमण्यांच्या हिवतापात. माणसाच्या हिवतापाचं पूर्ण चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळवलं. रॉस आणि ग्रासी यांचं त्यावरून झालेलं भांडण मात्र दोघांनीही आयुष्यभर जपलं.

त्या गोल पेशीत काय चालतं? माणसाच्या रक्तातून हिवतापाच्या परजीवीचे नर आणि मादी रूप डासाच्या पोटात येतात. बाहेरचा थंडावा लागताच पंधरा-वीस मिनिटांत त्यांचं मीलन सुरू होतं. त्यातून तयार झालेला जीव जठराची भिंत पोखरून बाहेरच्या बाजूला गाठीसारखा बसतो. त्या एका गाठीत हजारो बारीक दोऱ्यासारखे जीव वाढतात, गाठ फुटते, आणि ते लाळग्रंथीत जाऊन थांबतात. डास चावतो तेव्हा त्यातले थोडेच, बहुधा शंभराच्या आतच, कातडीत सोडले जातात. पुढे ते यकृत गाठतात. हे सगळं डासात पूर्ण व्हायला पंचवीस-अठ्ठावीस अंश तापमानात साधारण दहा-बारा दिवस जातात. थंडीत जास्त, आणि फॅल्सिपेरम हा हिवतापाचा सगळ्यात घातक परजीवी अठरा अंशांच्या खाली जवळपास थांबतोच. डेंगीच्या विषाणूलाही डासात आठ ते बारा दिवस लागतात.

आता हिशेब करा. रानात, घरात, पालीच्या तोंडाशी राहणारा डास रोज मरणाला टेकलेला असतो. समजा रोज शंभरातले नव्वद जगतात. दहा दिवसांनी उरतात पस्तीस. रोज ऐंशीच जगले तर दहा दिवसांनी अकरा. सत्तर जगले तर तीन. म्हणजे रोजच्या मरणात थोडी भर पडली, की आजार देण्याच्या वयापर्यंत पोचणारे डास जवळपास संपतात. तरुण डास फक्त खाज देतो. हिवताप किंवा डेंगी देतो तो म्हातारा.

डासाचं वय ओळखता येतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मादीच्या अंडाशयाला हवा पुरवणाऱ्या बारीक नळ्या पहिल्यांदा अंडी घालण्याआधी स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात. एकदा अंडी घातली की त्या ताणल्या जातात आणि परत कधी गुंडाळत नाहीत. सुईच्या टोकाने अंडाशय काढून काचेवर सुकवायचं आणि पाहायचं. एखाद्या गावात ताणलेल्या नळ्यांच्या माद्या जास्त निघू लागल्या, की डासांची संख्या कमी असली तरी आम्हाला काळजी वाटायची. उलट कधी डासांनी नुसता उच्छाद मांडलेला असायचा, लोक वैतागलेले, सरपंच तक्रार घेऊन आलेले, आणि त्या डासांत म्हाताऱ्या जवळपास नसायच्याच.

इथेच गावोगावी ऐकलेल्या एका तक्रारीचं उत्तर आहे: “साहेब, फवारणी झाली तरी डास चावतातच की.” चावणारच. भिंतीवरची फवारणी तुम्हाला पहिला चावा बसू नये म्हणून नसतेच. रक्त प्यायलेली मादी स्वतःच्या वजनाइतकं किंवा त्याहून जास्त ओझं घेऊन जवळच्या भिंतीवर टेकते. तिथे औषध तिच्या पायांना लागतं. ती तुम्हाला चावून मरते, पण म्हातारी होत नाही. तुम्हाला चावा मिळाला, शेजाऱ्याला हिवताप मिळाला नाही. फवारणी झाल्यावर आठ दिवसांत पोळा आला, नवरात्र आलं, म्हणून भिंतींना पोतारा दिला, की हे सगळं मातीखाली गाडलं जातं. असं कितीतरी घरांत पाहिलं आहे, आणि बाईंना दोष तरी कसा द्यायचा? पोतारा सणाला द्यायचा असतो, फवारणीची तारीख खात्याने ठरवलेली असते.

१९५३ मध्ये देशात डीडीटीच्या फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. १९६५ पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास आला. जगातल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी उदाहरणं थोडी. मग हात सैल पडला, डासांत प्रतिकार आला, आणि १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले.

पण हा भिंतीचा नियम सगळ्या डासांना लागू नाही. गडचिरोलीत हिवताप पसरवणाऱ्या क्युलिसिफेसिस आणि फ्लुव्हिएटिलिस या ॲनोफिलीसच्या जाती घरात-गोठ्यात टेकतात. मुंबई-गोव्याकडचा स्टीफेन्सी, तोही हिवतापाचाच डास, विहिरीत आणि गच्चीवरच्या टाकीत वाढतो. बेंटली नावाच्या अधिकाऱ्याने १९११ च्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचं खापर विहिरींवरच फोडलं होतं. डेंगीचा एडिस भिंतीवर बसण्यापेक्षा खुंटीवरच्या कपड्यांत, पलंगाखाली अंधारात बसतो. दिवसा चावतो, शिवाय फार चंचल. एका माणसाकडून पोट भरत नाही, हाताने हुसकावलं की दुसऱ्याकडे जातो. म्हणून एका डासाने घरातली तिघं-चौघं एकदम आडवी पडतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायच्या ‘कोरड्या दिवशी’ रांजण नुसता उलटा करून भागत नाही, आतून घासावा लागतो.

हत्तीरोगाची वाट तर याहून वेगळी, आणि मला स्वतःला ती सगळ्यात नवलाची वाटते. पॅट्रिक मॅन्सन चीनमधल्या अमोय बंदरात डॉक्टर होते. १८७७ मध्ये त्यांनी हत्तीरोगाचे जंतू रक्तात असलेल्या हिन लो नावाच्या आपल्या नोकराला रात्री डास चावू दिले आणि मग ते डास फाडून पाहिले. जंतू पोटातून छातीच्या स्नायूंत जाऊन वाढताना दिसले. कीटकाच्या शरीरात माणसाचा रोगजंतू वाढतो हे पहिल्यांदा तिथे दिसलं. पण पुढे मॅन्सन घसरले. डास एकदाच रक्त पितो आणि अंडी घालून पाण्यात मरतो, अशी त्यांची समजूत. म्हणून ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो असं त्यांनी ठरवलं. ही चूक सुधारायला १९०० साल उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियातून बँक्रॉफ्ट यांनी टिकवून लंडनला पाठवलेल्या डासांत जॉर्ज लो यांना जंतू थेट सोंडेत सापडले.

आणि ते लाळेतून जातच नाहीत. हा जंतू म्हणजे एक बारीक अळी. डास चावायला बसला की सोंडेच्या म्यानाच्या टोकातून ती बाहेर पडते, कातडीवर घामाच्या किंवा डासाच्या द्रवाच्या थेंबात वळवळते, आणि डास उठून गेल्यावर त्याने पाडलेल्या भोकातून स्वतः आत शिरते. हवा कोरडी असेल तर बरेचदा बाहेरच वाळून मरते. त्यात भर म्हणजे डासाच्या पोटात तिची संख्या वाढत नाही. हिवतापात एकाचे हजारो होतात, इथे एकाचा एकच, तोही जगला तर. रंगूनमध्ये १९६० च्या दशकात केलेल्या हिशेबात एका माणसाच्या रक्तात जंतू दिसू लागायला अळ्या असलेल्या डासाचे सुमारे १५,५०० चावे लागतात असं निघालं होतं. म्हणून चार दिवस चंद्रपूरला पाहुणा म्हणून गेलेल्याला हत्तीरोग होत नाही, तिथे वर्षानुवर्षं गटाराशेजारी राहणाऱ्याला होतो. रक्त तपासायला आमचे लोक रात्री दहानंतर दार वाजवतात याचं कारणही तेच: हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, आणि जंतू त्याच वेळी वरच्या रक्तात येतात. दिवसा ते फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात.

आता वाळूमाशी. ती लहान डास नव्हे. दूरची नातेवाईक म्हणा. आकार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, अंग केसाळ, रंग मातकट. बसली की पंख डासासारखे पाठीवर मिटत नाही, दोन्ही वर उचलून इंग्रजी ‘व्ही’सारखे धरते. उडण्यात कच्ची, टणाटण उड्या मारत भिंतीवरून सरकते. गुणगुण करत नाही, म्हणून चावल्यावरच कळतं, आणि तो चावा जळजळीत असतो. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती सहज आत येते.

तिचं तोंडही वेगळं. डासाची सोंड लांब, ती थेट बारीक रक्तवाहिनीत टोक घालते. वाळूमाशीची आखूड असते, कात्रीसारखी. ती कातडी कुरतडून छोटा खड्डा करते, त्यात रक्त साचलं की पिते. शिवाय तिला पाणी लागतच नाही. अंडी, अळ्या, कोष सगळं ओलसर मातीत: गोठ्याची जमीन, शेणकचरा, मातीच्या भिंतीचा पाया, उंदराची बिळं, पडक्या घराच्या फटी. अळ्या कुजलेला कचरा खातात. त्यामुळे गप्पी मासे, टाकीत टाकायचं औषध, कोरडा दिवस हे डासांसाठी उत्तम, पण वाळूमाशीला त्यातलं काही कळतही नाही.

आपल्या देशात तिची मोठी ओळख काला-आजारामुळे. ताप, फुगलेली प्लीहा, काळवंडत जाणारी कातडी, उपचार नसेल तर मृत्यू. आसाम, बंगाल, बिहारात या रोगाने गावं ओस पाडली. १९०३ मध्ये लीशमन यांनी डमडमला असताना आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत आणि डोनोव्हन यांनी मद्रासमध्ये परजीवी सापडल्याचं जाहीर केलं. नाव दोघांचं पडलं. पण तो पसरतो कसा, हे कळायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. ढेकणावर संशय होता, पाण्यावर होता. १९२४ मध्ये सिंटन यांनी दाखवलं, की अर्जेंटिपिस या वाळूमाशीचा नकाशा आणि काला-आजाराचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर बसतो. त्याच वर्षी कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना रुग्णाचं रक्त प्यायलेल्या माशीच्या पोटात परजीवी वाढताना दिसला. पुरावा हातात आल्यासारखा वाटला. मग सुरू झाले चावण्याचे प्रयोग, आणि वर्षानुवर्षं अपयश. माशीत परजीवी आहे, ती चावते आहे, लागण होत नाही.

गाठ सुटली ती मनुक्यांनी. अक्षरशः. प्रयोगशाळेत माशा जगवायला त्यांना पुन्हापुन्हा रक्तच पाजलं जात होतं. त्या लवकर मरत, किंवा परजीवी पोटातच मागे राहत. १९४० च्या सुमारास स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदा रक्त पाजल्यावर त्यांना मनुके चोखायला दिले, कारण रानात माशी गोड रसच पिते. माशा जास्त जगल्या, आणि परजीवी इतके माजले की घशाशी येऊन त्यांनी वाटच बंद केली. १९४२ मध्ये आसामात स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशाच माशा पाच स्वयंसेवकांना चावू दिल्या, आणि पाचही जणांना लागण झाली. आजच्या नैतिक नियमांत हा प्रयोग कोणी मंजूर करणार नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. सांगली-तासगावचे बेदाणे खाताना मला अजून हे आठवतं.

त्या तुंबलेल्या घशात काय असतं, ते पुढे कळलं. परजीवी माशीच्या पोटात एक चिकट लगदा तयार करतात. तो जठराच्या तोंडाशी बोळा होऊन बसतो, तिथली झडपही खराब करतो. भुकेली माशी रक्त ओढायला जाते, रक्त आत जात नाही. ती पुन्हा टोचते, पुन्हा ओढते, आणि ओढताना आतला लगदा परजीवींसह जखमेत ओकते. हिवतापात डास लाळ सोडतो, हत्तीरोगात अळी स्वतः चालत जाते, काला-आजारात माशी ओकते. परजीवीने माशीला उपाशी ठेवून जास्त जणांना जास्त वेळा चावायला लावलं, असा हा कावा आहे.

भारतात या परजीवीचा साठा माणसातच आहे. माशी गुरांचं रक्त भरपूर पिते, पण गुरांत तो टिकत नाही. कपटी भाग असा, की बरे झालेल्या काही रुग्णांच्या कातडीवर महिन्या-वर्षांनी फिके चट्टे किंवा गाठी येतात. त्यांना दुखत-खुपत नाही, ते दवाखान्यात येत नाहीत, पण त्या चट्ट्यांत परजीवी असतात आणि माशी तिथूनही उचलते. पन्नाशीच्या दशकात हिवतापासाठी झालेल्या फवारणीने काला-आजारही जाता जाता जवळपास मिटला होता. फवारणी थांबली, आणि १९७७ मध्ये उत्तर बिहारात तो मोठ्या साथीने परतला. पुढे त्या माशा डीडीटीला दाद देईनाशा झाल्या आणि गेल्या दशकात औषध बदलावं लागलं. तिथे फवारणी भिंतीच्या सहा फुटांपर्यंतच करतात, कारण उड्या मारणारी ही माशी फार वर जात नाही. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांनी भागेल का, याची मोठी चाचणी भारत-नेपाळमध्ये झाली. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा आजारात म्हणावा असा फरक दिसला नाही.

महाराष्ट्रात काला-आजाराची साथ नाही, पण ही माशी इथेही आहे. बांधकामावर किंवा वीटभट्टीवर बिहारहून आलेल्या माणसाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप असेल आणि डाव्या बरगडीखाली प्लीहा लागत असेल, तर हिवताप निगेटिव्ह आला म्हणून थांबू नका. आरके-३९ ही बोटातल्या थेंबावर होणारी चाचणी करून घ्या.

आता चांदीपुरा. हे नाव नागपूरजवळच्या गावाचं. १९६५ मध्ये तापाच्या साथीत तिथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, हा विषाणू सापडला. रेबीजच्या विषाणूचा भाऊबंद. बरीच वर्षं तो वहीतली नोंद म्हणूनच राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत ३२९ रुग्णांपैकी १८३ दगावले, तेव्हा सगळे जागे झाले. त्याच वर्षी विदर्भातही मुलं गेली. २०२४ मध्ये जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुख्यतः गुजरातेत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा विषाणू पक्का झाला.

मी वर म्हणालो, की म्हातारी मादीच धोक्याची. चांदीपुरा त्या नियमाला छेद देतो. एनआयव्हीच्या प्रयोगशाळेत पापाटासी जातीच्या वाळूमाशीत दिसलं, की विषाणू नराकडून मादीकडे मीलनातून जातो. शिवाय बाधित मादीच्या अंड्यांतूनही तो पिल्लांत उतरतो. म्हणजे मातीतून नुकतीच बाहेर पडलेली माशी कोणत्याही रुग्णाला न चावताच विषाणू घेऊन जन्मू शकते. म्हणून इथे भिंतीवरच्या माशीइतकीच मातीतली अळी महत्त्वाची. पाऊस पडून जमीन ओली झाली, की जून-जुलैत ती पिढी बाहेर येते, आणि साथीही त्याच सुमारास येतात.

गुरुजी, तुमच्या धुराच्या यंत्राकडे येतो. धूर हवेत उडत असलेल्या कीटकाला मारतो, तोही त्या पाऊणएक तासात. तुमचं यंत्र संध्याकाळी रस्त्यावरून गेलं असेल. त्या वेळी वाळूमाशी गोठ्याच्या भिंतीच्या फटीत होती, अळी जमिनीखाली होती. धूर उतरला, मागे काही राहिलं नाही, रात्री ती बाहेर आली. लोकांना धूर दिसतो, वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं. खर्च वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तो डेंगीच्या साथीसाठी ठेवा. वाळूमाशीसाठी घर आणि गोठा दोन्हींच्या आतून भिंतींवर टिकणारी फवारणी मागा. फटी चुना-मातीने किंवा सिमेंटने बुजवा. शेणाचा उकिरडा घरापासून दूर न्या. गोठा झोपायच्या खोलीला लागून असेल तर लहान मुलांना त्या बाजूला झोपवू नका, आणि पावसाळ्यात त्यांना उघड्या अंगाने जमिनीवर झोपू देऊ नका. मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा ग्लानी आली, तर अंगारा-धुपारा, गावठी औषध, उद्या बघू, यातलं काही न करता त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्या. या विषाणूवर लस नाही, खास औषधही नाही. पण झटके आणि मेंदूवरचा दाब वेळेत सांभाळला तर मूल वाचू शकतं. उशीर झाला तर एक-दोन दिवसांत सगळं संपतं.

मुलांकडून एक काम करून घ्या, त्यांना आवडेल. वहीच्या कोऱ्या कागदांना दोन्ही बाजूंनी एरंडेल चोपडा आणि संध्याकाळी ते गोठ्यात, भिंतीच्या फटींजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर काडीला लावून ठेवा. आम्हीही तेच करायचो. सकाळी कागद भिंगाखाली धरा. केसाळ, मातकट, तिळाहून लहान काही चिकटलेलं दिसलं तर कागद तसाच प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या, वर घराचा नंबर आणि तारीख लिहून. त्यासोबत फवारणीचा अर्ज द्या, आणि पोताऱ्याची तारीख आधी विचारून मगच फवारणीचा दिवस ठरवायला सांगा.